पायाशी ठेवलेली ताटली

झाकण उचललं आणि डॉ. चारुशीला टिपणीस चरकल्या. ताटलीतला काळा चीक आरशासारखा सपाट घट्ट व्हायला हवा होता. त्यावर दुधाच्या सायीसारख्या बारीक सुरकुत्या होत्या.

"रस्त्यावरच्या ट्रकांची थरथर," त्या पुटपुटल्या. "दुसरं काय असणार?"

नैर्ऋत्य चीनमधल्या या दरीत उतारावर पुरातन थडगी होती आणि खाली नांदतं गाव. डोंगर घसरेल का, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून त्यांना बोलावलं होतं. 'डोंगर स्थिर आहे' असा अहवाल त्यांनी पाठवलाही होता. झोप मात्र तेव्हापासून धड लागत नव्हती.

याच गावची, थडग्यांची अभ्यासक लुओ शिन तंबूत आली. दोघींच्याच नव्हे, सगळ्या गावाच्या कानांत 'कर्णभाषी' हे दुभाषी यंत्र होतं. त्याने पहिल्याच दिवशी चारुशीलाबाईंना 'ताई' करून टाकलं होतं, आणि बाईंनाही ते आवडलं होतं.

"ताई, काय झालं?"

"माझी नमुन्याची ताटली बिघडली. तुझ्या लोकांची पद्धत मला जमलेली दिसत नाही."

"पद्धत सोपी आहे. प्रेताच्या पायाशी ताटली ठेवायची, तीत रोगणाच्या झाडाचा चीक ओतायचा. तो ओलाव्यात घट्ट होतो आणि थडग्यात ओल असतेच. घट्ट झालेला चीक पाहायचा आणि मगच दार लिंपायचं. आम्ही त्याला नैवेद्य समजत होतो."

"नैवेद्य कसला! ओतल्या दिवशीची समपातळी त्यात कायमची धरली जाते. पुढे डोंगर कलला की तीही कलते. थडगं जितकं जुनं, तितका कल जास्त. पण तो इतका हळू वाढलाय, की मी डोंगर स्थिर धरला."

"शेजारच्या खोऱ्यात ही चाल नाही. इथे मात्र मेलेल्यालाही डोंगरावरच्या पहाऱ्यातून सुटका नव्हती," लुओ हसली. मग तिने जपून आणलेली पेटी उघडली. "ही सगळ्यात शेवटी बांधलेल्या थडग्यातली. तिथे प्रेत नाही. लुटलं असावं."

चारुशीलाबाईंनी दिवा जवळ धरला. काळ्या चिकावर सुरकुत्या होत्या. अगदी तशाच.

"ताई," लुओ दोन्ही ताटल्या शेजारी ठेवत म्हणाली, "तेव्हा ट्रक कुठे होते?"

रस्त्यावरच्या ट्रकांची थरथर वगळायला बाईंनी भूकंपलेखकाला 'कंपगाळणी' जोडली होती. डोंगराची थरथरही नेमकी तशीच असेल, तर यंत्र इमानेइतबारे तीही गाळत होतं! गाळणी काढून त्यांनी नोंदी पुन्हा चालवल्या. रेघ थरथरतच होती. ट्रक बंद असतानाही.

"त्या थडग्यातून काय काय गेलं होतं?"

"काहीच नाही. जेड आहे, काशाची भांडी आहेत."

"अगं, चोर जेड सोडून मढं नेतात का? सुरकुत्या बघून ती माणसं निघून गेली. आपलं माणूस बरोबर घेऊन!"

अहवाल चुकला, गाव लगेच हलवा, असं चारुशीलाबाईंनी अधिकाऱ्यांना फोनवर स्वच्छ सांगितलं. बस आल्या आणि दुपारपर्यंत गाव रिकामं होत आलं. अडून बसली फक्त लुओची आई.

"हे मागच्या अंगणात निजलेत," म्हातारी उंबऱ्यावरून म्हणाली. "ह्यांना टाकून मी कुठे जाऊ? तुम्ही जा."

लुओ रडायला लागली. वर कुठेतरी दगड गडगडले. चारुशीलाबाईंना म्हातारीला सरळ उचलून न्यावंसं वाटत होतं. पण त्या तिच्यापुढे उकिडव्या बसल्या.

"मावशी, तुमच्या पूर्वजांनीही हे गाव सोडलं होतं. पण आपल्या माणसाला इथे टाकून गेले नाहीत ते. शेवटचं थडगं रिकामं आहे."

म्हातारीने लेकीकडे पाहिलं. लुओने मान डोलावली. म्हातारी उठली, आत गेली आणि दोन कुदळी घेऊन आली.

"मग बसलात काय? चला."

घामाने आणि भीतीने चिंब होऊन तिघी खणत होत्या. बसचा भोंगा सारखा वाजत होता. अखेर पांढऱ्या कापडातलं हलकं गाठोडं मांडीवर घेऊन म्हातारी बसमध्ये बसली. वळणावर मागे प्रचंड आवाज झाला आणि खिडक्यांबाहेर धूळच धूळ झाली. लुओने आईचा हात घट्ट धरला.

धूळ जरा बसल्यावर म्हातारीने चारुशीलाबाईंच्या पिशवीतून डोकावणाऱ्या नमुन्याच्या ताटलीकडे बोट केलं.

"ती ताटली मला द्याल? नवा चीक ओतून ह्यांच्या पायाशी ठेवीन. जाऊ तिथला डोंगर कसा आहे, कुणाला ठाऊक."

चारुशीलाबाईंनी ताटली पदराने पुसली आणि गाठोड्यावर ठेवली.