एका हाताने उचलता येईल असा

हाऊटनच्या सर्पमेळ्यात त्या दिवशी टेबलाटेबलांवर प्लास्टिकच्या डब्यांतून विकायला ठेवलेले साप वेटोळी घालून पडले होते, आणि योरीन एका डब्यासमोर डावा हात कोटाच्या खिशात घालून कितीतरी वेळ उभी होती.

"तो हात जरा बाहेर काढाल का?" टेबलामागचा तरुण म्हणाला. "माझी पिल्लं तुमच्या खिशात चाललीयत असं वाटतंय मला."

"नाही काढणार. मला एका हाताने उचलता येईल असा बोआ हवाय."

तो हसला... मग तिचा चेहरा बघून हसायचा थांबला.

साप तिला नकोच होता. तो हवा होता तिच्या वडिलांना. गेरलोफने जन्मभर डेअरीत काम केलं आणि जन्मभर बोआ, म्हणजे अजगरासारखे बिनविषारी साप, पाळले. शेवटची ग्रीत, तीन मीटर लांब, मांडीएवढी जाड. वसंतात गेरलोफला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणंही गेलं. ग्रीतला उचलणं योरीनच्या आवाक्यातलं नव्हतं, म्हणून तिने तिला बेवारस सापांच्या आसऱ्याला दिलं. तिथे छातीत कफ होऊन ग्रीत मेली. हे कळल्यावर बाबा जे भिंतीकडे तोंड करून झोपले, ते कित्येक दिवस वळलेच नाहीत. शेवटी ते ज्या वृद्धाश्रमात होते तिथल्या बाईंनाच दया आली. साप लहान असेल आणि कुलपाच्या पेटीत राहणार असेल, तर आणा म्हणाल्या.

"मग हे पिल्लू घेऊ नका," तो म्हणाला. त्याचं नाव वेसेल. "पिल्लं सगळी करंगळीएवढीच दिसतात. हिच्या आईला उचलायला दोघं लागतात. पिल्लू बघायचं नाही, आईबाप बघायचे. नाहीतर सरळ वाढ झालेला नर घ्यायचा. माझ्याकडे आहे एक, होंडुरासच्या बेटांवरच्या ठेंगण्या जातीचा. गुरुवारी मेप्पेलला, माझ्या शेडवर या."

"गुरुवारीच का?"

"त्या दिवशी मी दाढी करतो."

*

गुरुवारी बर्फमिश्रित पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता. वेसेलच्या शेडमध्ये मात्र ओलसर ऊब होती. ठेंगणा नर पीचच्या फळासारख्या फिक्या रंगाचा होता. वेसेलने तो तिच्या उजव्या हातावर ठेवला.

"डावा खिशात... हं. आता घट्ट धरू नका. तोच तुम्हाला धरेल."

साप मनगटाभोवती सावकाश वळला. त्याचं वजन पावाच्या लादीएवढं, त्याहून जास्त नाही. असा बाबांना पेलेल, हे तिला लगेच कळलं.

"सगळ्यांना असंच सांगता? घट्ट धरू नका म्हणून?"

"सापाबद्दल?" वेसेल म्हणाला. "हो. सापाबद्दल सांगतो."

त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर जरा जास्तच रेंगाळली... आणि तिने ती रेंगाळू दिली.

पण साप त्या दिवशी मिळाला नाही. थंडीत नर खाणं सोडतात, वेसेल म्हणाला. तीनदा नीट खाऊ दे, मग न्या. उपाशी साप आजारी माणसाकडे नको. ग्रीतची आठवण ताजी होती, तेव्हा योरीन लगेच हो म्हणाली.

मग प्रत्येक गुरुवारी ती मेप्पेलच्या बसमध्ये बसू लागली. वेसेल वाटाण्याचं दाट सूप करून ठेवायचा. 'तुम्ही'चं कधी 'तू' झालं, कळलंही नाही. एकदा तिच्या भुवईवरचं बर्फ त्याने अंगठ्याने पुसलं, आणि दोघंही उगाचच सापाच्या पेटीकडे बघत बसली.

"खाल्लं का रे त्याने?"

"आज परत तोंड फिरवलं. पुढच्या गुरुवारी बघू."

परतीच्या बसमध्ये तिला स्वतःची लाज वाटायची. कारण ते ऐकून तिला बरं वाटलेलं असायचं.

संध्याकाळी बाबा वाट बघत असायचे. फोनवरच्या सापाच्या फोटोवरून अंगठा फिरवत राहायचे. झटक्यानंतर एकच शब्द त्यांना धड म्हणता यायचा.

"कधी?"

"लवकरच, बाबा."

जानेवारीत एका सोमवारी, नाश्त्याच्या ताटावर, त्यांना दुसरा झटका आला.

*

पुढच्या गुरुवारी योरीन मेप्पेलला गेली, कारण दुसरीकडे कुठे जावं हे तिला सुचेना.

"बाबा गेले," ती दारातूनच म्हणाली.

वेसेलने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग तो उलट्या बादलीवर बसला.

"तो खात होता, योरीन. डिसेंबर लागल्यापासून... दर आठवड्याला, व्यवस्थित."

तिला आधी समजलंच नाही.

"एकदा तो साप गेला की तू यायची बंद झाली असतीस. म्हटलं, अजून एक गुरुवार. मग अजून एक. तुझे बाबा असे..." त्याने सापाच्या पेटीकडे बघितलं. "तू मला आवडतेस. हे असं सांगायचं नव्हतं मला."

योरीनने आरडाओरडा केला नाही.

"पेटी द्या," ती म्हणाली.

कापडी पिशवीत साप, पिशवी पेटीत, पेटी कोटाच्या आत धरून ती बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. पाऊस आडवा येत होता. बस नुकतीच गेलेली. जरा वेळाने वेसेलची गाडी समोर येऊन थांबली.

"माझ्याशी बोलू नकोस," तो काच खाली करून म्हणाला. "पण त्याला गारठा सोसायचा नाही."

ती बसली. होखेवेनपर्यंत, तिच्या गावापर्यंत, ती पेटी मांडीवर धरून होती. तिच्या दाराशी त्याने इंजिन बंद केलं, तरी ती उतरली नाही.

"तुम्ही नुसतं विचारलं असतंत," ती समोर बघत म्हणाली, "तर मी सापाशिवायही आले असते. दर गुरुवारी."

वेसेलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"आणि मीही कधी हट्ट धरला नाही, आत्ताच दे म्हणून. मलाही यायचंच होतं. ते माझं मला बघू दे." तिने दार उघडलं. मग थांबली. "माफ केलेलं नाही मी तुला. पण रविवारी ये. त्याला खायला कसं घालायचं, मला येत नाही."

रविवारी तो आला. बाबांच्या जुन्या घरातल्या, ग्रीतच्या रिकाम्या पेटीत हा साप फारच लहान दिसत होता. वेसेलने चिमट्यात उंदीर धरला, सापाने तो झटक्यात ओढून घेतला, आणि ते बघून योरीन रडायला लागली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच. वेसेल उठून तिच्याकडे यायला निघाला.

"नको," ती म्हणाली. "अजून नको."

तो जिथे होता तिथेच, दारापाशी, जमिनीवर बसला. बाहेर अंधारून आलं. ती त्याला जा म्हणाली नाही.