मागच्या कडीचा दोर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही.

पण हे माझ्या हातून झालंय. यात ऐकीव एक अक्षर नाही.

साल शहात्तर. नागपंचमीचा आदला दिवस. आणि रात्रबित्र काही नव्हती हो. दुपारचे तीन वाजले होते. पावसानं उघडीप दिली होती, चांगलं लख्ख ऊन होतं. शाहूवाडीकडच्या एका धरणाचं पाणी. कुठलं धरण ते सांगत नाही. त्या काठाला अजून माणसं राहतात.

मी आकाराम. उचगावचा. डिझेल इंजिनाचा मिस्त्री. तेव्हा वय अठ्ठावीस, आणि अंगात मस्ती म्हणाल तर विचारू नका. मोठा स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डॉक्टर छाती तपासतो तसं ऐकायचं. आत कुठं काय बिघडलंय ते कळतं. सगळेच मिस्त्री हे करतात. माझा कान जरा जास्तच तयार होता, एवढंच.

माझी धाकटी बहीण चिमणाबाई त्या पाण्याच्या पलीकडच्या वाडीत दिली होती. पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरात व्हायचं, ही आमच्यातली रीत. पण तिची सासू विठाबाई. भाताची लावण उरकू दे, मग धाडते म्हणत म्हणत तिनं पोरीला नववा सरेपर्यंत चिखलात वाकवली. त्या बाईचा मला आजही राग येतो.

त्या सकाळी निरोप आला. चिमणीचं पाणी गेलंय. पोर आडवं आलंय. सुईणीनं हात टेकलेत. तालुक्याच्या दवाखान्यात नेली तरच जगेल.

वाडीतून बाहेर यायला वाट एकच, पाण्यावरची. आणि लाँचही एकच, हंबीररावांची. नीट चालली तर पंधरा मिनिटं. पण निरोप्या म्हणाला, वरीस झालं, लाँच पळतच नाही. तास तास लागतो.

एवढा वेळ माझ्या बहिणीकडं नव्हता.

मी हत्यारांची पेटी उचलली आणि निघालो. अलीकडच्या काठावर भाड्याची जीप उभी करून ठेवली. हंबीरराव लाँचवरच होते. पन्नाशीचा माणूस, पण तोंडावर रया नव्हती. काय बिघाड आहे विचारलं, तर पाण्याकडं बघत म्हणाले,

"जाताना पळतीया. येताना पळत न्हाय."

मला हसू आलं. म्हटलं, आपण कुठं चाललोय हे इंजिनाला काय कळतंय?

झरझर सगळं तपासलं. फिल्टर स्वच्छ. डिझेलच्या नळीत हवा नाही. पंप ठीक. पंख्यात एखादं जाळं अडकलं असेल म्हणून कपडे काढून बुडी मारली, पात्यांवरून हात फिरवला. काही नाही. चालू करून रेस दिली तर इंजिन नुसतं गरजत होतं.

निघालो. लाँच सुसाट. पंधरा मिनिटांत पलीकडं.

मी हंबीररावांना तोंडावर म्हणालो की इंजिनात काही नाही, तुम्हालाच चालवता येत नाही. त्यांनी लाँच काठाला लावली.

चिमणीला घोंगड्याच्या झोळीतून आणली. लाँचच्या मागच्या फळीवर निजवली. तोंड पांढरंफटक पडलं होतं. माझा हात धरून म्हणाली, "आलास न्हवं दादा." बास, एवढंच. विठाबाई तिच्या उशाशी बसली. ओझं नको म्हणून मी बाकी कुणाला चढू दिलं नाही. लाँचवर चारच माणसं.

काठ सुटला.

वीस-पंचवीस हात गेलो असू... आणि इंजिनाचा आवाज खाली बसला.

हंबीररावांनी रेस पूर्ण दिली होती. लाँच मुंगीच्या पावलानं चालली होती. आणि धुराड्यातून काळाकुट्ट धूर यायला लागला.

मिस्त्री लोकांना हे सांगायला नको. असा काळा धूर म्हणजे इंजिन मरतुकडं नाही. ते ताकदीपेक्षा जास्त ओझं ओढतंय.

पण ओझं होतं कुठं?

गिअर काढला. इंजिन मोकळं झालं, पूर्ण फेरे घेतले. गिअर टाकला... परत बसलं.

चिमणी कण्हत होती. मी स्क्रूड्रायव्हर काढला. इंजिनाला लावला. ठोके एकदम सरळ. गिअरपेटीला लावला. ठीक. पंख्याच्या दांड्याला लावला. ठीक. तसाच ऐकत ऐकत मागं सरकलो.

अगदी मागं, बाहेरच्या बाजूला, एक लोखंडी कडी होती. कडीला हातभर दोराचा तुकडा बांधलेला.

तो तुकडा लोंबकळत नव्हता...

पाण्यावर सरळ आडवा ताठ होता. त्यातून पाणी पिळून निघत होतं. आणि त्याच्या पुढं काहीच नव्हतं.

मी दोराचं टोक बघितलं. तुटलेला दोर विसकटतो, धागे लांबडे-आखूड होतात. हे टोक सपाट होतं. कापलेलं.

"हंबीरराव, ह्यो दोर कशाचा?"

त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. पण सांगितलं सगळं.

लाँच भरली की ते मागं एक छोटी होडी बांधायचे आणि उरलेली माणसं तीत बसवायचे. गेल्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी माहेराला निघालेल्या बायकांची ही गर्दी. लाँचमध्ये बावीस, मागच्या होडीत सात. मधोमध आल्यावर वारा सुटला. होडीत पाणी भरलं. होडी लाँचलाही खाली ओढायला लागली. हंबीररावांनी कोयता घेतला आणि दोर कापला. लोकांना सांगितलं, तुटला म्हणून.

"माझी थोरली भैन झुंबर त्याच होडीत व्हती," ते म्हणाले. "माझ्याकडंच बघत व्हती."

उरलेला तुकडा सोडायला गेले, तर गाठ सुटेना. रोज आणखी घट्ट व्हायची. कापायला कोयता उचलला की झुंबरची नजर आठवायची, आणि कोयता परत खाली ठेवायचे.

मला त्या सात जणींचं वाईट वाटलं का? खरं सांगतो, नाही वाटलं. माझी बहीण मरत होती.

खात्री करावी म्हणून मी स्क्रूड्रायव्हर त्या कडीला टेकवला. मूठ कानाला लावली...

आधी नुसतं पाणी.

मग लाकडावर हात आपटल्याचा आवाज. मग बांगड्या. खूप बांगड्या, एकावर एक.

आणि मग एक बाई बोलली. रडत नव्हती, ओरडत नव्हती. शेजारीण काही मागते तशी बोलली.

"काठापतोर न्या की, पावणं."

मी मागं बघितलं. चिमणीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. काठ अजून लांब होता, आणि लाँच जागची हलल्यासारखी वाटत नव्हती.

फळीखाली कोयता होता. मी तो उपसला.

हंबीरराव सुकाणू सोडून धावले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "नगं आकाराम. हळू हळू जाऊ. हळूच जाऊ द्या त्यास्नी."

मी त्यांना ढकलून दिलं. आणि घाव घातला. एकाच घावात गाठ उडाली.

मागं कुठंतरी दूर, सात आवाज एकदम उठले... आणि थांबले.

त्याच क्षणी चिमणी किंचाळली. एकदाच.

लाँच अशी उसळली की मी आडवा पडलो. धूर गेला. इंजिन पूर्ण फेऱ्यांवर गात होतं. मी हसत होतो हो. देवाशपथ, मी हसत होतो. विठाबाई म्हणाली की कळा थांबल्या, पोरगी निवांत झाली. मला वाटलं, जिंकलं.

दवाखान्यात मुलगा झाला. मेलेला.

नर्सनं मला बाजूला घेतलं आणि कुठल्या दाईनं आत हत्यार घातलं म्हणून फाडफाड बोलली. मला काही कळेना. मग तिनं कापड बाजूला करून दाखवलं.

नाळेचे आतल्या आतच दोन तुकडे झाले होते.

"तुटलेली नाळ अशी नसते," नर्स म्हणाली.

मला माहीत होतं. टोक सपाट होतं.

चिमणी वाचली. तिसऱ्या दिवशी भिंतीकडं तोंड करून बोलली. "दादा, त्या काठापतोरच न्या म्हणत व्हत्या. पोटातनं ऐकू येत व्हतं मला. तूबी ऐकलंस."

मी म्हणालो, मी काही ऐकलं नाही.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग बघितलंच नाही. थोड्या दिवसांनी राखी पुनव आली. ती आली नाही. त्यानंतर एकदाही नाही.

लाँच दुसऱ्या दिवसापासून दोन्हीकडं सारखीच पळायला लागली. हंबीररावांनी स्वतः चिठ्ठी धाडली. खूश होते म्हणे, जेवू लागलेत. खाली एक ओळ होती. "आता त्या माझ्याकडं न्हाईत."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

पुढं हळूहळू लागला. सायकल मारताना मांड्या भरून यायच्या, सपाट रस्त्यावरसुद्धा. मोटारसायकल घेतली, ती चाळिसाच्या वर जाईना. चार वेळा इंजिन खोललं. मग मुलगा तीच गाडी घेऊन गेला, तर वाऱ्यासारखी गेली.

आता तर घरातून कोपऱ्यापर्यंत जायला मला अर्धा तास लागतो. एकेक पाऊल ओढावं लागतं. मागं वळून मी बघत नाही. हंबीररावांनी त्यांना वर्षभर रोज काठाला आणलं, तरी त्या सुटल्या नाहीत; कुठला काठ त्यांना पाहिजे, तेही मला कळत नाही. कळलं असतं तर नेऊन सोडल्या असत्या.

गेल्या महिन्यात मुलानं मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. सगळे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, बाबांच्या पायात काहीही दोष नाही.

मी मान हलवली.

दोष इंजिनातही नव्हता.