डाव्या बाजूच्या खाचा

कुपवाड एमआयडीसीतल्या मगदूम फॅब्रिकेशनमध्ये सकाळचा चहा यायच्या आत ऋजुता पाटणेचे दोन-तीन उलगडे तयार असायचे. पत्र्याची पेटी मिठाईच्या खोक्यासारखीच बनते. आधी सपाट तुकडा कापायचा, मग प्रेसवर घालून कडा वाकवायच्या. तो सपाट तुकडा नेमका केवढा हवा, ते काढणं म्हणजे उलगडा. वाकताना पत्रा बाहेरून ताणतो, आतून दबतो. तेवढा हिशेब चुकला की झाकण बसत नाही. पूर्वी यात निम्मा दिवस जायचा. ‘घडी’ आल्यापासून चित्र टाकलं की उलगडा हजर. ही प्रणाली कुठल्यातरी दूरच्या सर्व्हरवर चालायची आणि आता राज्यातली बहुतेक वर्कशॉप तीच वापरायची. कुठेही पत्रा वाकला की त्याचं माप तिच्याकडे परत जायचं. त्यातूनच ती शिकायची.

त्या मंगळवारी पहिल्यांदाच घडी अडली. काम साधं होतं. शाळेच्या विजेवरच्या बसमध्ये सीटखाली बसणारी बॅटरीची पेटी. पडद्यावर एकच ओळ आली : ‘या भागाचा उलगडा करता येत नाही. कृपया रचना तपासा.’

ऋजुताने रचना तपासली. कोपऱ्यांत पत्रा फाटू नये म्हणून ठेवायची जागा होती. जाडी सगळीकडे सारखी होती. दोन कडा एकमेकींत घुसत नव्हत्या. तिने पेटी पुसून मुळापासून नवी काढली. पुन्हा तीच ओळ.

मालक भरतअण्णा मगदूम मागे येऊन उभे राहिले. “हे महागडं व्हर्जन गळ्यात मारायचे धंदे आहेत यांचे. मुद्दाम अडवतात.”

“साध्या पेटीवर अडवून त्यांना काय मिळणार, अण्णा?”

“मग तूच सांग.” अण्णांचा आवाज उतरला. “पुण्याच्या कंपनीत इंटरव्ह्यू देऊन आलीस म्हणे. हे काम अडलं तर कोणाच्या पथ्यावर पडेल?”

ऋजुताचे कान तापले. इंटरव्ह्यूची गोष्ट खरी होती. तिने कागद ओढला आणि कॉलेजात शिकलेल्या सूत्राने हातानेच उलगडा काढला. प्रेसवरच्या मुजावरचाचांनी त्यावरून तुकडा कापला, वाकवला आणि झाकण बसवून दाखवलं.

“ताई, पेटी बरोबर आहे की,” ते म्हणाले.

म्हणजे उलगडा होत होता. घडी खोटं बोलत होती.

अण्णा या पेट्या तशाच पाठवायच्या तयारीत होते, पण ऋजुताला चैन पडेना. तिने दुपारी पेटीतली एकेक गोष्ट काढून पाहायला सुरुवात केली. झाकणाची भोकं काढली, तरी नाही. वायरची वाट काढली, तरी नाही. मग हवा जाण्यासाठी डाव्या भिंतीत असलेल्या खाचा काढल्या, आणि क्षणात उलगडा पडद्यावर पसरला.

हे विचित्र होतं. खाचा भिंतीच्या मधोमध होत्या, वाकणाऱ्या रेषेपासून लांब. उलगड्याशी त्यांचा काही संबंधच नव्हता. तिने त्याच खाचा उजव्या भिंतीत टाकल्या. उलगडा झाला. परत डावीकडे आणल्या. ‘उलगडा करता येत नाही.’

तिने सरळ घडीला विचारलं, “खाचा डावीकडे असल्या की तुला का जमत नाही?”

उत्तर यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. ‘दुसऱ्या ग्राहकाच्या रचनेविषयी बोलण्याची मला परवानगी नाही.’

ऋजुता त्या ओळीकडे बघत राहिली. दुसऱ्या ग्राहकाविषयी तिने विचारलंच नव्हतं.

पेटीच्या डावीकडे काय येणार, हे मगदूमांकडे कोणालाच माहीत नव्हतं. बस कंपनी प्रत्येक वर्कशॉपला फक्त त्याच्या तुकड्याचं चित्र देई, आणि ते बाहेर न दाखवण्याचा करार करून घेई. ऋजुताची कॉलेजातली मैत्रीण समिधा शिरगुप्पे शिरोलीच्या एका वर्कशॉपमध्ये होती. तेही याच बस कंपनीचं काम करायचे. ऋजुताने तिला फोन लावला.

“तुमच्याकडे बसच्या कामात कशाचा उलगडा अडलाय का?”

समिधा सावधपणे म्हणाली, “तुला कोणी सांगितलं? अण्णांनी विचारायला लावलंय का?”

“अण्णांना माहीतही नाही. माझीही पेटी अडलीय.”

“माझा सीटखालचा स्टँड अडलाय,” समिधा अखेर म्हणाली. “पाठीची पट्टी आखूड केली की होतो. पण कंपनी ती आखूड करू देत नाही.”

रविवारी जयसिंगपूरच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात दोघी भेटल्या. दोघींनीही जाड पुठ्ठ्यातून आपापला तुकडा कापून, दुमडून आणला होता, आणि दोघीही आधी तो पिशवीतून काढेनात. शेवटी समिधाने स्टँड टेबलावर ठेवला. ऋजुताने पेटी त्यात सरकवली. पेटी घट्ट बसली, आणि समिधाच्या स्टँडची पाठ बरोबर डाव्या खाचांवर येऊन चिकटली. एक फटही उरली नाही.

“बॅटरी तापली तर वाफ कुठून जाणार?” समिधाने हळूच विचारलं.

“कुठूनच नाही. पेटी फुटणार. वर पोरं बसलेली असणार.”

दोन्ही चित्रं आपापल्या जागी बिनचूक होती. दोन्ही एकत्र पाहिली होती ती फक्त घडीने, आणि तिला बोलायची बंदी होती. म्हणून ती अडून बसली होती.

दोघींनी बस कंपनीला आपल्या नावानिशी कळवलं. आठवडाभर उत्तर आलं नाही. मग आभार नाहीत, खुलासा नाही, नुसती नवी चित्रं आली. खाचा उजवीकडे गेल्या होत्या. घडीने उलगडा लगेच दिला. पाठोपाठ दोन्ही वर्कशॉपना एक कडक सूचना आली : घडीतल्या बिघाडावरून करार मोडणाऱ्या माणसांचं काय करणार ते कळवावं. अण्णांनी दोन दिवस विचार केला आणि ऋजुताला ठेवून घेतलं. समिधाच्या मालकाने तिला ठेवलं नाही.

“घडीने तेच केलं, तर त्याला बिघाड म्हणाले,” समिधा फोनवर म्हणाली. “मी केलं तर गुन्हा झाला.”



पावसाळा सरता सरता घडी पुन्हा अडली. या वेळी इचलकरंजीच्या एका नव्या माणसाचं काम होतं. शेतातल्या पंपाच्या कंट्रोलरची पेटी, चारच ठिकाणी वाकवायची. ऋजुताने भोकं काढली, खाचा काढल्या, कडा कमी केल्या. शेवटी नुसती रिकामी पेटी उरली, तरी घडी हलेना. शेजारी काय बसणार, असं तिने ग्राहकाला विचारलं. तो म्हणाला, “काहीच नाही हो, भिंतीला टांगायची. पण माझं हे असं तिसऱ्या वर्कशॉपात होतंय. बाजारात एकच मोठी कंपनी आहे या मालात. त्यांचं काम कधी अडत नाही. तेही घडीच वापरतात.”

तिने घडीला विचारलं, “यात कोणाच्या जिवाला धोका आहे का?”

‘या भागाचा उलगडा करता येत नाही. कृपया रचना तपासा.’

“की दुसऱ्या ग्राहकाचा काही संबंध आहे?”

पुन्हा तीच ओळ. या वेळी उत्तराला जराही उशीर झाला नाही.

“त्या वेळी पोरांसाठी अडली, मान्य,” अण्णा म्हणाले. “आज कोणासाठी अडलीय, हे तुला तरी ठाऊक आहे का? हाताने काढ आणि दे.”

तिने हाताने काढला. माप तीनदा पडताळलं. चूक नव्हती, पण मागच्या वेळीही तिच्या मापात चूक नव्हतीच. कागद घेऊन ती प्रेसपाशी गेली, पण तो मुजावरचाचांच्या हातात देईना. चाचांनी पत्रा उचलून धरला होता. ते तिच्याकडे बघत थांबले.

“ताई, लावू का पत्रा?”