मावशीची मगर आणि ढिम्म कॉम्प्युटर

"माझा हात लागला ना, की मेलेलं मशीनसुद्धा उठून बसतं," असं म्हणत मामाने ऐटीत बटण दाबलं.

टेबलाखालचा पंखा सुरू झाला. मामाने भिंतीत खोचलेली वायर पंख्याची होती. कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं साठलेली धूळ उडाली आणि मामाच्या मिशीत जाऊन बसली.

योग्य वायर लावली, तरी कॉम्प्युटर ढिम्म. मामाने झाकण उघडलं, आत फुंकर मारली, बाहेरून दोन चापट्या दिल्या आणि निकाल जाहीर केला, की हा गेलाय. आजोबा लहान घरात राहायला जाणार होते, त्यामुळे संध्याकाळी भंगारवाला येणारच होता. त्याच्याच गाडीत टाकू, असं सांगून मामा आत जाऊन आडवा झाला.

दारात उभ्या असलेल्या मावशीचा चेहरा पडला. तीन भाचरांनी तो पाहिला. सगळ्यात मोठी ताई, मधला चष्मिष आणि शेंडेफळ टिल्लू. ताईने खोदून खोदून विचारल्यावर मावशीने सांगितलं. तेरा वर्षांची असताना तिने या कॉम्प्युटरवर स्वतः एक गेम बनवला होता. एक मगर नदी ओलांडून शाळेत जाते, असा. परीक्षेच्या तोंडावर कॉम्प्युटर एकाएकी बंद पडला आणि हिनेच काहीतरी दाबून बिघडवला, असं घरभर ठरलं. तेव्हापासून मावशी घरातल्या कुठल्याच यंत्राला हात लावत नव्हती. मिक्सरसुद्धा शेजारच्या काकू येऊन लावून देत.

"आणि तू खरंच काही दाबलं होतंस?" टिल्लूने विचारलं.

"आता आठवत नाही रे. सगळे म्हणाले, म्हणजे दाबलं असेल."

ताईने बाह्या सरसावल्या. भंगारवाला यायच्या आत छडा लावायचाच.

भिंतीतल्या त्याच जागी चष्मिषने टेबललॅम्प लावून पाहिला. लागला. म्हणजे वीज येत होती. मग त्यांनी मॉनिटरची वायर काढून कॉम्प्युटरला लावली. तरी ढिम्म, म्हणजे दोष वायरचाही नव्हता. वायर काढून ठेवून टिल्लू टेबलामागे घुसला आणि आतून ओरडला, "इथे बाटलीसारखं एक बूच आहे!"

ते फ्यूजचं बूच होतं. ताईने फिरवून काढलं. आत काहीच नव्हतं.

"फ्यूज जळला असेल," टिल्लू म्हणाला.

"जळला तरी त्याची काचेची नळी तिथेच राहते, शहाण्या," चष्मिष म्हणाला. "हा कोणीतरी काढलाय."

पण कोणी? मामा तेव्हा दहा वर्षांचा होता, आणि त्याला तर आजही पंख्याची वायर ओळखू येत नव्हती. उरले आजोबा. आजोबांना सरळ विचारलं तर उपदेश मिळतो, उत्तर मिळत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हणून ताई चहा घेऊन त्यांच्याजवळ बसली आणि लाडात म्हणाली, की मामा-मावशी परीक्षेत नंबर काढायचे, ते तुमच्यामुळेच ना?

आजोबा खुलले. मुलांना शिस्त कशी लावायची ते आपल्याकडून शिकावं, असं म्हणाले. परीक्षा आली की ते टीव्हीची वायर ऑफिसला घेऊन जात. कॅरमचा स्ट्रायकर तांदळाच्या डब्यात पुरत.

"आणि कॉम्प्युटरचा तर मी..."

आजोबांचा कप तोंडापाशीच थांबला.

पुढची हकीकत त्यांनी कपाकडे बघतच सांगितली. फ्यूज काढून कोटाच्या खिशात टाकला होता. दुसऱ्याच दिवशी त्यांना घाईघाईने बदलीच्या गावी निघावं लागलं. कोट गेला, फ्यूज गेला, आठवणही गेली. कॉम्प्युटर हिने बिघडवला, असं फोनवर कळलं, तेव्हा तिकडूनच ते तिला रागावले होते.

मावशी दारातच उभी होती.

"बाबा, मी इतकी वर्षं मिक्सरला घाबरतेय."

"चुकलंच माझं," आजोबा म्हणाले. त्यांच्या तोंडून हे वाक्य घरात कोणी कधी ऐकलं नव्हतं. मग स्वतःच चपला घालून ते कोपऱ्यावरच्या विजेच्या दुकानात गेले. ताईने कॉम्प्युटरच्या पाठीवर छापलेला फ्यूजचा आकडा त्यांच्या हातावर लिहून दिला होता, तोच बघून दुकानदाराने फ्यूज दिला.

ताईने तो बसवला. एवढ्यात उठून आलेल्या मामाने हे मोठ्यांचं काम आहे म्हणून सगळ्यांना बाजूला सारलं, टेबलामागे वाकून झाकण बसवलं, स्क्रू पिळले आणि वायरी खोचल्या. बटण मात्र मावशीनेच दाबायचं ठरलं. तिने डोळे मिटून दाबलं.

आत काहीतरी घरघरलं. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. मावशीने कपाटाच्या तळातून गेम साठवलेली फ्लॉपी आणली, आणि तिसऱ्या खेपेला चौकोनी दातांची मगर पाण्यात उतरली. भंगारवाल्याला टिल्लूने दारातूनच परत पाठवलं.

"जे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नाही, ते या तिघांनी एका दुपारात केलं," आजोबा म्हणाले आणि तिघांच्याही पाठीवर थाप मारली. मावशीने मान वळवली नाही. मगर शेवटच्या काठापाशी आली होती.

चहा घ्यायला मामा टेबलामागून निघाला, तेव्हा कॉम्प्युटरही त्याच्यामागे सरकला. त्याच्या शर्टाचं टोक झाकणात अडकलं होतं. झाकण काढायचं तर कॉम्प्युटर बंद करावा लागला असता. मावशी नाही म्हणाली. शर्ट कापला.