मानाच्या बैलाचा खांदा

त्या साली अधिक श्रावण आला आणि पोळा पार लांबला. खडकदरीच्या व्यंकटराव पाटलांना ते बरंच वाटलं. मधे जितके दिवस जातील तितकं लोक विसरतील, असा त्यांचा अंदाज होता. पाटील अंदाजाचे पक्के. पावसाचा, ज्वारीच्या उताऱ्याचा, माणसाच्या रागाचा त्यांचा अंदाज कधी चुकत नाही असं गावात म्हणत, म्हणजे आधी ते स्वतः म्हणत आणि मग गाव मान हलवी.

खडकदरी कनेरगाव नाक्याच्या अलीकडची. नाका ओलांडला की वाशिमचा मुलूख. तिथं नुकताच स्वातंत्र्याचा तिरंगा लागला होता आणि पेढे वाटले होते. अलीकडे मात्र निजामाचं राज्य तसंच होतं, आणि तोच तिरंगा इकडे हातात धरला तर गुन्हा. एका शिवाराचं पाणी दुसऱ्या शिवारात वाहत होतं, पण स्वातंत्र्य काही ओहोळ ओलांडत नव्हतं.

म्हणून श्रावणातल्या एका सकाळी गाव आणि शेजारचा लमाणांचा तांडा मिळून चावडीसमोर येऊन बसला. कुणाच्या हातात काठी नव्हती, धोंडा नव्हता. बायका पोरं कडेवर घेऊन बसल्या होत्या. तांड्यावरचा खेमा मधोमध उभा होता आणि त्याच्या उजव्या खांद्याला झेंड्याचा बांबू टेकलेला होता. धिप्पाड गडी, पण स्वभावानं इतका गरीब की बाजारात घासाघीससुद्धा त्याची बायको पारुबाईच करायची.

व्यंकटराव गावचे पोलीस पाटील. ते चावडीच्या ओट्यावर उभे होते. ना लोकांत, ना सरकारात. मग पोलिसांची लॉरी आली. शिपायांच्या खांद्यावर बंदुका होत्या. जमादार खाली उतरला आणि बसलेल्या लोकांकडे पाहून म्हणाला, "उठाव इनकू. नहीं तो फायर करना पडेगा."

पाटलांनी हात जोडले. "साब, गोळी नको. बायाबापड्या हायत, लेकरं हायत."

"तो डंडे किधर हैं? बंदूक का दस्ता मारा तो टूटता."

आणि इथं पाटलांचा अंदाज धावला. गोळीनं माणूस मरतं. लाकडाचा मुका मार बसतो. हळद-तेल चोळलं की आठवड्यात माणूस उभं राहतं, बैल नाही का राहत? त्यांनी आपला सालगडी संतराम याला गोठ्यात पिटाळलं. जूमध्ये बैलाची मान अडकवायला दोन्ही बाजूंना खैराचे दांडके घालतात, त्यांना शिवळा म्हणतात. पाटलांकडे जोड्या पुष्कळ, तेव्हा शिवळाही पुष्कळ. बैलांच्या माना घासून घासून गुळगुळीत झालेल्या, हातात नीट बसणाऱ्या. संतरामानं त्यांचा भारा आणून जमादारापुढे टाकला. टाकताना त्यानं मालकाकडे पाहिलं नाही.

मुका मार कशाला म्हणतात ते पाटलांना त्या सकाळी कळलं. आधी ओरडा झाला, मग नुसते घाव ऐकू येत होते. लोक वाट फुटेल तिकडे पळाले आणि दारं लागली. एकटा खेमा पळाला नाही. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला तेव्हा बांबू हलला, पण पडला नाही. मग त्याच खांद्यावर दुसरा बसला, आणि तिसरा. चौकात कुणीच उरलं नाही तेव्हा शिपायांनी त्याला उचलून लॉरीत टाकलं. त्याची मान फळीवरून खाली लोंबत होती. हे पाहायला ओट्यावर फक्त पाटील होते.

जमादारानं शिवळा परत दिल्या. आभारही मानले. जाता जाता म्हणाला, "वो भाग गया बोलो. समझे पटेल?"

पाटील समजले. त्या संध्याकाळी पारुबाई वाड्याच्या दाराशी आली तेव्हा ते म्हणाले, "खेमा पळाला बाई. वाशिमकडं गेला. निवळलं की येईल." ती मान डोलावून गेली. पुढं दर बाजारी ती येऊन दाराशी उभी राहायची. काही मागायची नाही, नुसतं विचारायची. एकदा पाटलांनी तिला सूपभर ज्वारी देऊ केली, तर सूप तिथंच ठेवून ती निघून गेली. पाटलांना राग आला. जरा वेळानं कळलं, की तो राग नव्हता, लाज होती. आपण गाव गोळीतून वाचवलं, असं ते स्वतःला जेवताना सांगत, आणि घास घशाखाली ढकलत.

संतरामानं शिवळा विहिरीवर धुतल्या आणि पुन्हा जूमध्ये घातल्या. तिफण चालली, वखर चालला, आणि काहीच झालं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहिलेला बैलाचा खांदा ऊन पाण्यानं धुवायचा, तूप-हळद चोळायची, पळसाच्या पानानं शेकायचा आणि बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं. मानाच्या बैलाचा खांदा घरधन्यानंच मळायचा. पाटलांचा मानाचा बैल हौश्या. पांढरा, उंच, शिंगं भाल्यासारखी सरळ. गावचं तोरण दरसाल त्याच्याच पुढं तुटायचं.

दिवस कलला होता. व्यंकटरावांनी तूप-हळद घेतली आणि हौश्याच्या उजव्या खांद्यावर तळवा ठेवला. बैलाचा खांदा कसा लागतो हे त्या तळव्याला लहानपणापासून पाठ. वर जाड घट्टा, खाली मांसाचा गड्डा. ते गोठ्याबाहेरच्या आभाळाकडे बघत मळत होते. हात थबकला.

तळव्याखाली एक हाड आलं होतं. बोटाएवढं जाड, मानेपासून दंडाकडे आडवं गेलेलं. असं हाड बैलाला नसतं.

त्यांनी खाली पाहिलं. पांढरं कातडं, जूचा घट्टा, हळद. हौश्याच होता. हात तसाच ठेवून त्यांनी पुन्हा आभाळाकडे पाहिलं, आणि बोटं हाडावरून पुढं नेली. मधोमध एक गाठ लागली, जुनी, टणक. गाठीच्या पुढं हाड तुटलेलं होतं. दोन टोकं कातड्याखाली एकमेकांवर सरकली.

"मंजुळा," त्यांनी बायकोला हाक मारली. "जरा हिकडं ये. खांदा बघ बरं बैलाचा."

मंजुळाबाई हात पुसत आल्या. "काहून? जू लागलं का काय?" म्हणत त्यांनी तळवा ठेवला. "बैलाचा खांदा हाय, बैलासारखा. तुमचं आपलं..." आणि त्या बोलायच्या थांबल्या. हात हळूच काढून घेतला, पदराला पुसला, पुन्हा पुसला.

"काय लागलं?"

"काई न्हाई," त्या म्हणाल्या. "आवतन द्या अन् घरात या." आणि मागं न बघता गेल्या.

आवतन द्यावंच लागतं. पाटलांनी नेहमीचे शब्द म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." हौश्यानं कान टवकारले. रिवाजाप्रमाणे थाप द्यायला पाटलांनी हात वर केला.

बैलाचा उजवा खांदा दबकून खाली गेला.

हौश्यानं जन्मात मार खाल्लेला नव्हता. वाड्यात मानाच्या बैलावर पराणीसुद्धा कुणी उगारत नसे. पाटलांचा हात वरच राहिला, आणि तो खाली कसा आणावा हे त्यांना कळेना.

पोळ्याच्या दिवशी बैल नटून वेशीत आले. झुली, बेगड, रंगवलेली शिंगं, हलगी, सगळं होतं. तरी दरसालचा गलका नव्हता. गावातले दोघं-तिघं अजून लंगडत होते, एकाचा हात गळ्यात बांधलेला. कुणी पाटलांना टाकून बोललं नाही. कुणी त्यांच्याकडे बघतच नव्हतं, ते जास्त लागत होतं. चावडीच्या ओट्यावर नाक्यावरून आलेले दोन शिपाई पाय हलवत बसले होते.

बायका मानाच्या बैलाला ओवाळायला पुढं आल्या. त्यांच्या मागून पारुबाई आली. तांड्याचा पोळा तांड्यावर असतो, तिला यायचं कारण नव्हतं. दंडापर्यंत पांढरा चुडा, कपाळ भरलेलं. तिनं हौश्याला कुंकू लावलं, नमस्काराला खांद्यावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहिला.

तिनं डोळे मिटले. तिचा अंगठा खांद्यावर गोल गोल फिरू लागला. फार दिवसांच्या सवयीनं फिरावा तसा.

"पाटील," ती डोळे न उघडता म्हणाली, "ही गाठ."

"जूनं येती बैलाला गाठ."

"जूची गाठ मऊ ऱ्हाती. ही हाडाची हाय. ल्हानपणी बैलावरून पडला व्हता त्यो. पावसाळ्यात ठणकती, म्हून मी करडीचं तेल चोळत आले."

हलगी थांबली. मागचे बैल घंटा वाजवत होते तेही उभे राहिले.

"पाटील, माजा माणूस कुठं हाय?"

पाटलांचा हात हौश्याच्या कासऱ्यावर होता. तो त्यांनी नकळत खांद्यावर ठेवला, तिच्या हाताशेजारी. कातड्याखाली काहीतरी धडधडत होतं. खरं उत्तर त्यांच्या जिभेवर आलं होतं, अगदी दातांपाशी.

त्यांनी ओट्याकडे पाहिलं. एक शिपाई पाय हलवायचा थांबला होता.

"सांगितलं ना बाई," पाटील म्हणाले. "वाशिमकडं गेला. येईल."

दोघांच्या हाताखाली खांदा दबला. धडधड थांबली. कातडं गार पडत गेलं.

पारुबाईनं डोळे उघडले. तिनं दंडावरचा चुडा एकेक करून उतरवला. तांड्यातली बाई दंडावरचा चुडा कधी उतरवते ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. उतरवलेला चुडा तिनं हौश्याच्या रंगवलेल्या शिंगात घातला, आणि आली त्या वाटेनं गेली.

पाटलांनी तोरण तोडलं. त्या साली कुणी हाळी दिली नाही. बैल वेशीतून आत आला तेव्हा शिंगातल्या चुड्याचा खुळखुळाट तेवढा ऐकू आला.

त्या संध्याकाळी हौश्यानं पुरणपोळी खाल्ली. पाटलांनी भीत भीत खांदा चाचपला. जाड घट्टा, मांसाचा गड्डा. बैलाचा होता, बैलासारखा. पाटलांना हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटलं याची त्यांना इतकी लाज वाटली की ते तसेच गोठ्यात बसून राहिले. मंजुळाबाईंनी शिवळा चुलीत घातल्या. खैराचं वाळलेलं लाकूड, पण नुसता धूर झाला.

पुढच्या सालच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं. वाशिमच्या रस्त्यानं हिंदुस्थानी फौज आली, मागून नवे अधिकारी आले. चावडीवर तिरंगा चढला. खेमा आला नाही. तो येणार नाही हे आता सगळेच जाणून होते, पण कसा गेला ते कुणी पाटलांना विचारलं नाही.

नवा अधिकारी वऱ्हाडातला, तरणा, मनमोकळा. त्यानं गाव गोळा केलं. कुणीतरी पुढं होऊन सांगितलं, की पाटलांनी मधे पडून गोळीबार थांबवला होता. ते खोटं नव्हतं. अधिकाऱ्यानं पाटलांच्या गळ्यात हार घातला आणि प्रेमानं त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

त्याची बोटं तिथं जरा थांबली. सदऱ्यावरूनच पुढंमागं फिरली.

"पाटील, इथं हाड मोडलेलं दिसतंय. चांगलंच मोडलंय. गाठ लागते हाताला." त्याचा आवाज हळवा झाला. "तुम्हीही लाठी खाल्लीत तर त्या दिवशी."

पाटलांनी स्वतःच्या खांद्याला हात लावला नाही. लावायची गरज नव्हती.

आता ओट्यावर शिपाई नव्हते. जमादार नव्हता. आता खरं बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. गाव समोर बसलं होतं, त्याच जागी. कडेला पारुबाई उभी होती. तिचे दंड उघडे होते.

"बोला की पाटील," अधिकारी म्हणाला. "लाज कसली त्यात?"

"व्हय," पाटील म्हणाले. "खाल्ली."

गावानं माना खाली घातल्या. अधिकाऱ्यानं टाळी वाजवली, ती एकट्याचीच वाजली. मग शाबासकी द्यायला त्यानं हात वर केला.

हात खाली यायच्या आतच पाटलांचा उजवा खांदा दबकून खाली गेला.

कडेला पारुबाई त्या खांद्याकडे बघत होती, आणि तिच्या रित्या हाताचा अंगठा हवेत हळूहळू गोल फिरत होता.