पुढचा शाफ्ट

आमच्या घरात सगळे मास्तर नाहीतर कारकून. मी एकटाच गॅरेजच्या ग्रीसमध्ये पडलो, त्यामुळे आपण कोणीतरी आहोत हे सारखं दाखवून द्यायची मला खोड लागली. नुसता आवाज ऐकून हरी मिस्त्री गाडीचं दुखणं सांगतो, अशी भिवंडीभर ख्याती आहे. ती पसरवण्यात माझाही हात आहे.

माझा लहानपणीचा शेजारी मुनीर आपली जुनी फोर-व्हील जीप घेऊन आला. सोबत त्याची बायको खदीजाभाभी आणि मुलगी हफसा. हफसाला वळ गावच्या एका गोदामात नोकरी लागली होती, शुक्रवारी हजर व्हायचं होतं. गोदाम रस्त्यापासून खूप आत, चिखलात. रिक्षावाले तिकडे जायचं नाव काढत नाहीत.

"हरी, तू बोल 'गाडी ठीक हाय', की चावी पोरीला," मुनीर म्हणाला. "नाय बोललास तर नोकरी कॅन्सल. मी रिस्क घेणार नाय."

निकालाच्या दिवशी मुलं मास्तरांकडे बघतात तशी हफसा माझ्याकडे बघत होती.

"तक्रार काय आहे?"

"मला काय नाय. हिला हाय," मुनीरने बायकोकडे बोट दाखवलं.

"खटखट करते," भाभी म्हणाल्या. "कधीपासून सांगतेय."

मी लांब स्क्रूड्रायव्हर गिअरबॉक्सला टेकवला, मूठ कानाला लावली आणि चेहरा गंभीर केला. काहीच नाही. मुनीरनेही कान लावून पाहिला. त्यालाही काहीच नाही.

"भास होतो तुला," तो बायकोला म्हणाला.

"भास? मी श्रीवर्धनची. तुम्ही दोघं लूमच्या भिंतीला लागून जन्मलात. लूमची खटखट ऐकू येत नाय तुम्हाला, गाडीची काय येणार?"

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की शेजारच्या कारखान्यात कापड विणणारे लूम जोरात चालू आहेत. मी स्क्रूड्रायव्हर गुपचूप खिशात ठेवला.

मग जीप खारबावच्या बाजूला मोकळ्या शेतांत नेली. तिथे आम्हा दोघांनाही ऐकू आलं. खट, खट, खट. अगदी लूमचा ठेका. लिव्हर टाकून दोन चाकांवर आणली की गप्प, चारवर घेतली की सुरू, वळणावर जास्तच. मी खूश झालो. पुढचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना पोचवणारा लोखंडी दांडा, त्याचा सांधा झिजला होता.

गॅरेजवर येऊन मी शाफ्ट उतरवला आणि घरंगळू नये म्हणून फळीवर दोन लाकडी ठोकळ्यांच्या खाचांत ठेवला.

"नवा सांधा येईपर्यंत मागच्या दोन चाकांवर चालवा," मी सांगितलं. "पुढची चाकं आता नुसती पाहुणी."

खात्री करायला म्हणून आम्ही चौघं दिघाशीकडे निघालो. भाभी चालवत होत्या. एका बांधापाशी मागची चाकं चिखलात रुतली. ट्रॅक्टरवाल्याला बोलवावं म्हणून मी फोन काढतोय, तोवर भाभींनी सवयीने लिव्हर ओढली. पुढची चाकं फिरली. डबक्यातून म्हैस उठावी तशी जीप आरामात बाहेर आली.

"बघा, झाली ना ठीक!" भाभी म्हणाल्या.

मी उतरून खाली वाकलो. शाफ्टच्या जागी पलीकडचं गवत दिसत होतं.

उतार असेल, मी म्हणालो. जमीन ताटासारखी सपाट होती. मग मी टायर, ओल, मागून बसलेला धक्का, सुचेल ते सांगत सुटलो. मुनीर मान डोलवत राहिला.

"मग ठीक हाय ना?" त्याने विचारलं.

मला भीती वाटत होती. पण 'गाडी चालते' ही काय तक्रार झाली? आणि 'मला कळत नाही' हे मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही. हफसा श्वास रोखून उभी होती.

"ठीक आहे," मी म्हणालो.

चावी तिच्या हातात गेली. भाभींनी संध्याकाळी मला शेवयांचा डबा पाठवला. तो मी न उघडता तसाच ठेवून दिला.

शुक्रवारी आमच्या गल्लीतले लूम बंद असतात. सकाळी गॅरेजचं शटर वर केलं तेव्हा सगळीकडे शांत होतं.

खट.

फळीवरचा शाफ्ट ठोकळ्यांत फिरत होता.

मी स्टूल ओढून बसलो. मधे तो सावकाश झाला, मधे थांबला, पुन्हा निघाला. नाक्यावरचा ट्रॅफिक असणार, असं माझ्या मनात आलं आणि स्वतःचाच राग आला. बोट लावून पाहिलं. शाफ्ट गरम होता.

हळूहळू करत तो थांबला. फोन वाजला.

"काका, पोचले! गाडी एकदम मस्त. समोर लावलीय, चावी हातात आहे माझ्या."

"शाब्बास!" मी म्हणालो. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

खट.

शाफ्ट उलटा फिरू लागला. रिव्हर्समध्ये फिरतो तसा.

"काका," हफसा हळूच म्हणाली, "तुम्ही ठीक आहे म्हणाला होतात ना?"