सरळ नावाची चकती

"चेन पडली! पुन्हा पडली!" खारीने सायकल रस्त्याच्या कडेला आदळली.

"ए खारे, ढकलत आण!" चढाच्या माथ्यावरून भोंगा ओरडला. त्याचं नाव उगाच भोंगा पडलं नव्हतं, तसं त्या चपळ मुलीचंही खार.

"तूच ढकल!"

खारीचे हात काळे, नाक काळं आणि डोळ्यांत पाणी. उद्या सकाळी मामा खार, भोंगा आणि त्यांचा मित्र मास्तर अशा तिघांना डोंगरापलीकडच्या तळ्यावर मुक्कामाला नेणार होता. अख्खी सुट्टी तिने याच दिवसाची वाट बघितली होती. पण मामाने साफ सांगितलं होतं, ज्याची सायकल धड नाही, तो घरी!

आणि पुढची झिजलेली दातेरी चकती बदलल्यापासून सायकल धड नव्हतीच. गिअर टाकला की चेन मोठ्या चकतीवर चढायला तयार नसे, आणि चढलीच तर बाहेर पडे.

तिघं दुकानात पोचली तेव्हा सायकलवाले काका एक चाक पुसत होते. त्यांना चकचकीतपणाचं भारी वेड.

"सांगितलं ना? चकती एका कंपनीची, बाकी सामान दुसऱ्या कंपनीचं. सरमिसळ केली की असंच होणार. सगळा संच बदला!"

"पण बसवताना तुम्हीच 'चालेल' म्हणालात!"

"म्हणालो असेन. आता पळा, कामं आहेत."

खार पाय आपटतच बाहेर आली. तेवढ्यात शाळेतल्या खेळाच्या बाई सायकल ढकलत आल्या.

"चेन पडते गं सारखी. इथेच नवी चकती बसवली, तेव्हापासून."

त्यांच्या तिघांतला मास्तर म्हणजे सगळ्यात नाक खुपसणारा. तो लगेच खाली वाकला. "बाई, तुमचं तर सगळं सामान एकाच कंपनीचं आहे!"

"मग?"

"मग सरमिसळीचा दोष कसा?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंची सायकल मागून घेतली आणि भोंग्याच्या अंगणात खारीची, बाईंची आणि भोंग्याची अशा तिन्ही सायकली उलट्या उभ्या केल्या. भोंग्याची सायकल त्याच्या दादाने जुन्या सायकलींचे तुकडे जोडून बनवली होती. एकाचं दुसऱ्याशी नातं नाही, तरी गिअर मस्त पडायचे! खारीला तर त्या सायकलीचाच राग यायला लागला.

"भोंग्याच्या चकतीवरची बारीक खुंटी बघ," ती एकदम म्हणाली. "पॅडलच्या दांड्यामागे लपलीय. माझी आणि बाईंची खुंटी भलतीकडेच!"

"आणि तुझ्या नि बाईंच्या चकतीवर कंपनीचं नाव दांड्याशी सरळ आहे," मास्तर म्हणाला. "भोंग्याचं उलटं!"

"म्हणजे काका शोभेसाठी चकती फिरवून बसवतात?" भोंगा किंचाळला.

मास्तरने आतली बाजू चाचपली. "इथे चेनला वर चढायला उंचवटे आहेत. चकती फिरली की तेही चुकीच्या जागी जातात!"

खारीच्या सायकलचे बोल्ट काही सुटेनात. किल्ली घसरून खारीचं बोट सोललं. "नको! मी घरीच बसते!" ती रडकुंडीला आली. मग नाक पुसून पुन्हा किल्लीला भिडली. बोल्ट सुटले, चकती फिरवून खुंटी दांड्यामागे नेली आणि बोल्ट पुन्हा आवळले. तिने पॅडल फिरवून गिअर टाकला.

खट्! चेन वर.

"अजून सांगू नका कुणाला," खार हळूच म्हणाली.

संध्याकाळी मामाला, बाईंना आणि दोन्ही सायकली घेऊन तिघं दुकानात गेली. "काका, माझ्या सायकलवर एक चक्कर मारून बघता? आता जमलंय का?" खारीने विचारलं.

काकांनी चक्कर मारली, गिअर वरखाली केले आणि ऐटीत उतरले. "बघा! बदललात ना सगळं सामान? याला म्हणतात एका कंपनीचा संच! आधीच ऐकलं असतंत तर एवढा त्रास झाला असता?"

"काका, चकती तीच आहे. तुम्हीच बसवलेली," खार म्हणाली. "आम्ही फक्त खुंटी दांड्यामागे नेली. नाव उलटं झालं, पण चेन पडत नाही."

काका खाली वाकले आणि त्यांनी दांड्यामागची खुंटी बोटाने चाचपली. मग बाईंची सायकल ओढून घेत ते पुटपुटले, "नाव सरळ दिसलं की बरं वाटायचं मला. चुकलंच माझं. पोरी, ती किल्ली दे."

बाईंनी तिघांच्याही पाठी थोपटल्या. मामाने खारीचं सोललेलं बोट पाहिलं आणि तो म्हणाला, "उद्या चढावर सगळ्यांच्या पुढे तू. वाटेत कुणाची सायकल अडली, तर मी तुलाच हाक मारणार!"